गाईच्या पोटातली गुलाबी पिशवी

आमच्या गावाला चारा छावणी लागली, त्या वर्षी मी बायकांच्या दूध संस्थेची सचिव होते. नाव मोठं, काम साधं. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची, वहीत लिहायचं आणि कॅन टेम्पोत चढवून पाटोद्याला पाठवायचे. टेम्पो माझा नवराच चालवायचा. बारावी झालेली सून म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. संस्थेच्या चेअरमन गावातल्याच एक काकू होत्या. त्यांना सहीपुरतीच अक्षरं यायची. पण गाय चालत आली, की तिच्याकडे बघून आज ती किती दूध देणार हे त्या सांगायच्या आणि माझं माप बहुतेक तेवढंच भरायचं.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नीट झाला नाही, तेव्हा घरी जनावरं सांभाळणं कुणाला झेपेना. संस्थेनं तलावाच्या कोरड्या पात्राशेजारची मोकळी जागा घेतली आणि तिथं छावणी चालवायला सुरुवात केली. गोण्या शिवून सावली केली, दावणी ठोकल्या. उसाचं वाढं घेऊन ट्रक यायचे, पाण्याचे टँकर यायचे. जनावरांमागून माणसंही आली. अर्धं गाव दिवसभर तिथंच असायचं. बायका निवडण-टिपण तिकडेच घेऊन यायच्या, म्हातारी माणसं सावलीला पत्ते खेळायची. खरं सांगायचं तर दुष्काळाचं वर्ष असूनही मला ते दिवस चांगले गेल्यासारखे आठवतात. लग्न होऊन आल्यापासून मी गावातल्या बायकांशी जेवढी बोलले नव्हते, तेवढी त्या चार महिन्यांत बोलले.

गर्दी झाली म्हटल्यावर स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं आपली चूल छावणीच्या तोंडाशी आणली. दावणीवरून उठून चहाला जाणं कुणाला जमायचं नाही, म्हणून तो पातळ पिशवीत चहा बांधून पाठवायचा. पिण्याच्या पाण्याचे पाऊच विकायचा. शेजारच्या टपरीवर गुटख्याच्या माळा लटकलेल्या असायच्या. पिऊन झालं, खाऊन झालं, की पिशवी तिथंच खाली. एरवीही गावात कचरा होताच, पण तो गवतात आणि झुडपात दडून जायचा. त्या वर्षी जमिनीवर गवताची काडी नव्हती, त्यामुळे पडेल ते सगळं दिसायचं. दुपारी वारा सुटला, की पिशव्या भिरभिरत जाऊन बाभळींना अडकायच्या. लांबून बघणाऱ्याला बाभळींना पांढरी फुलं आल्यासारखं वाटायचं. आम्ही त्यावर हसायचोसुद्धा.

मग एके दिवशी काकूंची जर्शी गाय फुगली. दोन दिवस तिनं वाढ्याला तोंड लावलं नव्हतं. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली, डोळे खोल गेलेले. काकूंनी गोडेतेल पाजून पाहिलं, हिंग पाजून पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानं पाटोद्याहून जनावरांच्या डॉक्टरांना टेम्पोतूनच आणलं. डॉक्टर तरुण होते, फार बोलायचे नाहीत. त्यांनी कुशीवर हात दाबून पाहिला, कान लावून ऐकलं आणि पोट उघडावं लागेल असं सांगितलं. काकूंनी एकच विचारलं.

"जगंल का?"

"आज उघडलं तर जगंल," डॉक्टर म्हणाले.

गाय उभीच ठेवली. जागा बधिर करायची सुई दिली, कुशीवरचे केस काढले आणि डॉक्टरांनी हातभर लांब काप घेतला. सगळी छावणी गोळा झाली होती. खांद्यापर्यंत हातमोजा घालून त्यांनी आत हात घातला आणि एक गोळा ओढून बाहेर काढला. आम्हाला आधी वाटलं, न पचलेला चारा असेल. ते सगळं प्लास्टिक होतं. पिशवीत पिशवी गुंतून त्याचा दोर झालेला. डॉक्टर काढत गेले आणि शेजारचं घमेलं भरलं, मग दुसरं भरलं. माझे सासरे सर्वांत पुढे उभे होते. त्यांच्या पायाशी गुटख्याच्या पुड्यांचा एक लगदा येऊन पडला तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. ते खात त्याच पुड्या होत्या. रंगावरून कुणालाही कळलं असतं.

आणि मग ती गुलाबी पिशवी आली. त्या सगळ्या काळपट गोळ्यात तिचा रंग अजून टिकून होता. तिच्यावर पाळण्याचं चित्र होतं.

ती मी लगेच ओळखली. आदल्या वर्षी माझ्या मुलीचं बारसं झालं, तेव्हा घुगऱ्या वाटायला मी बीडहून खास तसल्या पिशव्या आणवल्या होत्या. गावात तोवर घुगऱ्या पदरातच घेत. पिशवीतल्या घुगऱ्यांचं लई कौतुक झालं होतं आणि मलाही त्याचा अभिमान होता. आता ती पिशवी शेणाच्या पाण्यात पडली होती आणि मी दुसरीकडे बघत होते.

डॉक्टरांनी टाके घातले. औषधं लिहून दिली. जाताना त्यांनी काकूंना सांगितलं, की गाय वाचेल, पण दावणीला परत हेच खायला मिळालं तर मी पुन्हा येऊन काही उपयोग नाही. संध्याकाळी गायीनं थोडी पेंड चाटली तेव्हा काकू पहिल्यांदा जेवल्या.

दुसऱ्या दिवशी आल्यावर पाहिलं, तर काकूंनी त्या दोन्ही घमेल्यांतलं प्लास्टिक धुऊन छावणीच्या कुंपणावर वाळत घातलं होतं. साड्या वाळत घालाव्यात तसं, एक एक उलगडून. येणारा-जाणारा थांबून बघायचा. कापडाच्या दुकानाची पिशवी, खताच्या पिशवीचा तुकडा, कसल्याशा बियाण्याचं पाकीट, चहाच्या पिशव्या तर कितीतरी. मला मात्र कुंपणाच्या त्या टोकाकडे जावंसं वाटेना.

चार दिवसांनी काकूंनी संस्थेची सभा बोलावली. सभासद सगळ्या बायका, पण पुरुषही कडेला येऊन बसले. सुरुवातीला जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. कुणी म्हणालं हॉटेलवाल्यानं घाण केली. हॉटेलवाला म्हणाला, मी चहा देतो, पिशवी खाली टाका असं सांगत नाही. कुणी टपरीवाल्याचं नाव काढलं, कुणी वाढं घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यांचं. पाऊण तास हेच चाललं. मी इतिवृत्त लिहीत होते आणि लिहिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. शेवटी मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले. सभेत मी कधी बोलत नसे. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"ती गुलाबी पिशवी माझ्या घरची हाय," मी म्हणाले. "माझ्या लेकीच्या बारशाची."

मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या.

"दिली तू, पण टाकली मी," त्या म्हणाल्या. "घुगऱ्या खाल्ल्या अन् उकिरड्यावर फेकली. तू एकटीच कावून नाव घेतीस?"

त्यानंतर सभेचा रंगच बदलला. कापडाच्या दुकानाची पिशवी आपली होती असं एकीनं सांगितलं. बियाण्याचं पाकीट कुणाच्या रानातलं तेही निघालं. आपलं सांगताना बायका हसत होत्या, तोंडाला पदर लावत होत्या, पण सांगत होत्या. शेवटी माझे सासरे कडेला उभे राहिले आणि पुड्या आपल्या असल्याचं त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. गावात त्यांचा दरारा होता. त्यांनी मान खाली घातलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

मग ठराव झाला. दर गुरुवारी सकाळी दुधाबरोबर घरातलं आणि दावणीजवळचं प्लास्टिक पोत्यात घालून आणायचं. ते आणल्याशिवाय दूध मापायचं नाही. बाजाराला कापडी पिशवी. चहा पाहिजे तर घरची किटली. हॉटेलवाल्यानं कुरकुर केली, पण प्रत्येकीच्या घरी दुधाची किटली होतीच, त्यामुळे त्याला पुढे काही बोलता येईना. नंतर तो स्वतःहून किटली आणणाऱ्याला अर्धा कप चहा जास्त घालू लागला. हात वर करायला सांगितले तेव्हा सगळ्या बायकांचे वर झाले आणि सासऱ्यांनीही केला. ते सभासद नाहीत, त्यांचं मत धरता येत नाही, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गुटखा काही त्यांनी सोडला नाही. पण पुडी खाली टाकायची नाही हे मात्र त्यांनी इमानदारीनं पाळलं. रिकामी पुडी ते बंडीच्या खिशात ठेवायचे आणि गुरुवारी माझ्या पोत्यात आणून रिकामी करायचे. त्यातून एक भलतीच गोष्ट झाली. दिवसाला दोन-तीनच खातो, असं ते माझ्या सासूबाईंना वर्षानुवर्षं सांगत आले होते. पहिल्या गुरुवारी खिसा उलटा झाला तेव्हा सासूबाई शेजारीच दूध घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तडक घरी गेल्या. पुढच्या गुरुवारी ढीग निम्मा झाला होता.

पहिले काही आठवडे सगळं जोरात चाललं. बाभळी मोकळ्या झाल्या. पाटोद्याचा भंगारवाला यायचा आणि बाटल्या, डबे, पत्रा, फुटक्या बादल्या घेऊन जायचा. पातळ पिशव्यांना मात्र तो हात लावेना. वजनाला काही भरत नाही आणि पुढे कुणी घेत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे पिशव्यांची पोती संस्थेच्या खोलीत साठू लागली. एक झालं, चार झाली, मग मला दूध मापायला उभं राहायलाही जागा उरेना. खोलीला वास यायला लागला. बायका विचारू लागल्या, की छावणीतली घाण उचलून संस्थेत आणली, यात आपण मिळवलं काय. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. एका पोत्याला आम्ही आगही लावून पाहिली. त्याचा काळा धूर नेमका दावणीवर गेला, जनावरं खोकायला लागली आणि काकूंनीच धावत जाऊन माती टाकली. त्या गुरुवारनंतर निम्म्याच बायकांनी पोती आणली. मीही दूध मापायला नकार दिला नाही. ठराव नुसता वहीत राहणार, असं मला वाटू लागलं.

त्याच सुमारास ऊसतोडीला गेलेली मंडळी परत आली. गावाबाहेरच्या वस्तीवरची बरीच घरं दिवाळीनंतर कारखान्यावर जायची ती उन्हाळ्यात यायची. त्यांच्यातली एक बाई बैल छावणीत बांधायला म्हणून आली आणि संस्थेच्या दारात उभी राहून पोत्यांकडे बघत बसली. उंच, काटक, उसाच्या पात्यांनी दोन्ही हात ओरखडलेले. ही पोती कुणाला लागतात का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, घेऊन जा, उपकार होतील.

ती घेऊन गेली नाही. तिथंच बसली. विळ्यानं पिशव्यांच्या पट्ट्या काढल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि मांडीवर पीळ देत दोरी वळायला लागली. बघता बघता हातभर दोरी झाली. मी ओढून पाहिली, तुटेना. कारखान्यावर कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाला झापड बांधायला, सामान बांधायला ती अशीच दोरी करायची.

"आमच्या कोपीत फेकून द्यावं असं काईच नसतंय, बाई," ती म्हणाली. "तुमीच साठवून ठेवलं अन् तुमालाच कळंना व्हय?"

काकू आल्या, त्यांनीही दोरी ओढून पाहिली. जनावराच्या दाव्याला ती वापरायची नाही, एवढं त्यांनी बजावलं, कारण दावं जनावर चघळतं. मग संस्थेत मोडकी बाज पडली होती ती आम्ही त्या दोरीनं विणून काढली. लाल, पांढरी, निळी, मधेच पिवळी. विणायला बसलेल्या बायका आपापल्या पिशवीचा रंग ओळखत होत्या. डॉक्टर पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांना त्याच बाजेवर बसवलं. महिनाभरात गावातल्या सात-आठ बाजा तशा झाल्या, पोती रिकामी झाली आणि गुरुवारी पुन्हा दारात रांग लागली. प्लास्टिक आणलं नाही म्हणून मी परत पाठवलेली पहिली बाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गालात हसत घरी गेल्या आणि पोतं घेऊन आल्या.

ऊसतोडीच्या बाईनं आणखी एक गोष्ट केली. तुम्ही नियम केला तेव्हा आमचं निम्मं गाव बाहेर होतं, आम्हाला कुणी विचारलं नाही, असं तिनं काकूंना तोंडावर सांगितलं. तिच्याकडे दुभतं जनावर नव्हतं, म्हणजे ती सभासद होऊ शकत नव्हती. काकूंनी थोडा विचार केला आणि पुन्हा सभा घेतली, या वेळी सगळ्यांसाठी. तिथं तीच बाई उठून म्हणाली, की चहाच्या पिशव्या बंद केल्यात हे चांगलं झालं, पण एका लग्नात होतो तेवढा कचरा वर्षाच्या चहानं होत नाही. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास, सगळं मांडवामागं. ते तुमी बघतच न्हाईत, ती म्हणाली.

हे सगळ्यांना पटलं, पण अडचण खरी होती. स्टीलची ताटं घासायची तर पाणी कुठून आणायचं? टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. थर्माकोल लोकांनी हौसेनं आणलं नव्हतं, पाण्यावाचून आणलं होतं. यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी आमच्या सासूबाईंनी राखेची आठवण काढली. चुलीच्या कोरड्या राखेनं ताट घासायचं, फडक्यानं पुसायचं आणि मोठ्या घंगाळात एकदाच विसळायचं. त्यांनी ते सभेत करून दाखवलं. एका घंगाळात किती ताटं निघतात ते मोजायला बायका पुढे सरकल्या. घंगाळाचं पाणी बदलेपर्यंत साठावर ताटं निघाली. मग ठरलं, की प्रत्येक घरानं पाच ताटं आणि पाच ग्लास संस्थेत आणून ठेवायचे. गावात कुणाचंही लग्न असो, ती न्यायची.

पहिलं लग्न निघालं हॉटेलवाल्याच्याच मुलीचं. नवरा मुलगा आष्टीकडचा. मला वाटलं होतं, पोरीच्या लग्नात तरी तो नव्या चकचकीत ग्लासांचा हट्ट धरेल. पण आदल्या दिवशी तो स्वतः टेम्पो घेऊन ताटं न्यायला आला.

दुपारची पंगत. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. नवऱ्या मुलाचे वडील पानावर बसले आणि ताटाकडे बघून त्यांनी भुवया चढवल्या. पावण्यांपुढं जुनी भांडी कावून मांडली, असं त्यांनी शेजारच्याला जरा मोठ्यानंच विचारलं. शेजारी माझे सासरे बसले होते. ते म्हणाले, ताट उलटं करून नाव वाचा.

भांड्यांवर नावं घातलेली होतीच. कुणाच्या आहेरातलं, कुणाच्या वास्तुशांतीचं. पंगतीत ती कशीही वाटली गेली होती. अजून काही वाढलं नव्हतं, तोवर पावण्यांनी ताट उलटं करून पाहिलं आणि नाव मोठ्यानं वाचलं. वाढणाऱ्या बायकांत माझ्याबरोबर चेअरमन काकूही होत्या, त्यांनी मान हलवली. ताट त्यांच्या घरचं होतं. मग पंगतीतल्या प्रत्येकालाच आपल्याला कुणाचं ताट आलं ते बघायची हौस आली. सगळ्या मांडवात ताटांचा खणखणाट झाला. वाढपी बुंदीची बादली घेऊन ताटकळत उभे. माझ्या सासऱ्यांनी आपलं ताट फिरवून पाहिलं. त्यावर ऊसतोडीच्या त्या बाईच्या नवऱ्याचं नाव होतं. त्या घरी सासरे कधी पाणीसुद्धा प्यायले नव्हते, हे पंगतीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. माझा हात बुंदीच्या बादलीवर थांबला. ती बाई पलीकडे पाणी वाढत होती, तिनंही वळून पाहिलं.

सासऱ्यांनी ताट सरळ केलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"वाढ की," ते म्हणाले. "बघतीस काय?"

मी दोन मुठी बुंदी जास्तच वाढली.

पाठवणीच्या वेळी नवऱ्या मुलाचे वडील काकूंना शोधत आले. त्यांच्या धाकट्याचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि त्यांच्याकडेही टँकरचंच पाणी होतं. ही ताटं आष्टीपर्यंत मिळतील का, असं त्यांनी विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदीसाठी वही काढायला लागले तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं.

"ताटं देऊ," त्या म्हणाल्या. "राख तेवढी तुमी तुमच्या चुलीची घ्या."

मांडवामागं बायका घंगाळाभोवती बसल्या होत्या. त्यांच्यात पावण्यांकडच्या दोघी-तिघी पदर खोचून येऊन बसल्या आणि राखेचा हात कसा फिरवायचा ते विचारू लागल्या.